तीन टक्के, पण कशाचे? पॉलिकार्बोनेटमधल्या प्रमाणांचा हिशोब

शोधनिबंध वाचायला नुकतीच सुरुवात केली असेल तर प्रयोगाच्या पद्धतीचा भाग आपण भराभर ओलांडतो आणि थेट आलेखांकडे जातो. पॉलिमरच्या बाबतीत असं करू नका. त्या कंटाळवाण्या भागात कुठेतरी 'चेन स्टॉपर : ३ टक्के' अशी एक ओळ असते आणि पुढचे सगळे आलेख त्या ओळीवर उभे असतात. हे ३ टक्के मोलचे की वजनाचे, हे न बघता कृती करायला गेलात तर हेल्मेटच्या काचेचं प्लास्टिक बनण्याऐवजी बोटांनी कडकन मोडणारी पट्टी हातात येईल. अतिशयोक्ती वाटत असेल तर पुढे आकडे मांडूनच दाखवते.

उदाहरण म्हणून पॉलिकार्बोनेट घेतलंय, कारण त्यात हा प्रकार फार स्वच्छ दिसतो. चष्म्याची न फुटणारी भिंगं, हेल्मेटची पुढची काच, सीडी, ऑफिसातले २० लिटरचे निळसर जार, गच्चीवरचे पारदर्शक पत्रे, हे सगळं त्याच कुळातलं. पण सीडीचा दाणा घेऊन कुणी जार बनवत नाही आणि जारच्या दाण्यातून सीडी निघत नाही. रासायनिक सूत्र जवळपास एकच, मग फरक कुठे पडतो?

आधी साखळी कशी बनते ते बघू. बिस्फेनॉल-ए या रेणूला दोन टोकांना एकेक ओएच गट असतो. म्हणजे दोन्ही हात मोकळे असलेला माणूस समजा. फॉस्जीनलाही दोन हात. एकानं दुसऱ्याचा हात धरायचा, दुसऱ्यानं तिसऱ्याचा, अशी रांग वाढत जाते. कारखान्यात जुनी आणि अजूनही चालणारी पद्धत अशी: बिस्फेनॉल-ए कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात विरघळवायचं, सोबत डायक्लोरोमिथेन घालायचं, ट्रायएथिलअमाइन हा उत्प्रेरक थोडासा, आणि त्यात फॉस्जीन सोडायचा. पाणी आणि डायक्लोरोमिथेन एकमेकांत मिसळत नाहीत. अभिक्रिया त्यांच्या सीमेवर होते, म्हणून हिला इंटरफेशियल पद्धत म्हणतात. (फॉस्जीन म्हणजे पहिल्या महायुद्धात वापरलेला विषारी वायू. कॉलेजच्या प्रयोगशाळेत याच्या वाटेला जायचं नाही.)

इथे एक प्रश्न हमखास पडतो, आणि पडायलाच हवा. पदवीला आपण कॅरोथर्सचं समीकरण शिकतो: दोन घटकांपैकी एक जरा जरी जास्त झाला तरी साखळी आखूड राहते. मग कारखान्यात फॉस्जीन तर मुद्दाम जास्त घालतात! साखळ्या आखूड का राहत नाहीत?

कारण जास्तीचा फॉस्जीन टिकतच नाही. कॉस्टिक त्याला खाऊन टाकतं आणि सोडियम कार्बोनेट व मीठ उरतं. साखळीच्या टोकाला फॉस्जीन चिकटून राहिलाच, तर त्या टोकाचंही पाण्याशी विघटन होऊन पुन्हा ओएच तयार होतो आणि तो पुढच्या टोकाशी जोडला जातो. म्हणजे या भांड्यात चुकलेलं प्रमाण आपोआप दुरुस्त होत राहतं. कॅरोथर्सचं समीकरण खोटं ठरत नाही, ते फक्त बंद भांड्याचा हिशोब सांगतं. इथे एक घटक सतत वाया जातोय, त्यामुळे फॉस्जीनचं प्रमाण लांबी ठरवत नाही.

मग लांबी कोण ठरवतं? एकच हात असलेला पाहुणा. फिनॉल किंवा पॅरा-टर्शरी-ब्यूटिलफिनॉल (पुढे याला पीटीबीपी म्हणते) यांना एकच ओएच गट असतो. असा रेणू टोकाला आला की रांग तिथे संपली. त्याला दुसरा हातच नाही, त्यामुळे कितीही वेळ ढवळलं तरी ते टोक परत उघडत नाही. हाच चेन स्टॉपर.

आता हिशोब. प्रत्येक साखळीला दोन टोकं, म्हणजे प्रत्येक साखळीमागे दोन स्टॉपर. १०० मोल बिस्फेनॉल-एला ३ मोल स्टॉपर घातला तर साखळ्या दीड मोल. १०० भागिले दीड, म्हणजे एका साखळीत सरासरी ६७ कड्या. एका कडीचं वस्तुमान सुमारे २५४, तेव्हा साखळीचं सरासरी रेणुवस्तुमान १७,००० च्या आसपास. बस्स, इतकंच गणित आहे. हे कागदावर एकदा स्वतः करून बघा, कारण पुढचं सगळं यावरच आहे.

आता तेच ३ टक्के वजनाचे समजा. १०० ग्रॅम बिस्फेनॉल-ए म्हणजे ०.४३८ मोल. ३ ग्रॅम पीटीबीपी, रेणुवस्तुमान १५०, म्हणजे ०.०२ मोल. हे झालं साधारण ४.६ मोल टक्के. कड्या ४४, रेणुवस्तुमान ११,५०० च्या घरात. आणि स्टॉपर म्हणून पीटीबीपीऐवजी फिनॉल घेतला तर? फिनॉलचा रेणू हलका, रेणुवस्तुमान ९४. म्हणून तेवढ्याच ३ ग्रॅममध्ये रेणू जास्त: ७.३ मोल टक्के. कड्या फक्त २७ आणि रेणुवस्तुमान ७,००० च्या थोडं वर. एकच आकडा '३ टक्के', आणि त्यातून तीन वेगळी प्लास्टिक्स: १७,०००, ११,५०० आणि ७,०००. पहिलं हातोड्याला दाद देत नाही, तिसरं टेबलावरून पडलं तरी मोडेल.

ही संख्या प्रत्यक्षात तपासणार कशी? बहुतेक ठिकाणी जीपीसी यंत्रावर. तिथे अजून एक खड्डा आहे. जीपीसी साखळीचं वजन करत नाही, द्रावणात ती किती जागा व्यापते ते बघतं आणि पॉलिस्टायरीनच्या ठरावीक नमुन्यांशी तुलना करून आकडा सांगतं. पॉलिकार्बोनेटसाठी हा 'पॉलिस्टायरीनच्या मापानं' आलेला आकडा खऱ्यापेक्षा बराच जास्त निघतो. शिवाय काही निबंध संख्या-सरासरी देतात, काही वजन-सरासरी, आणि या पद्धतीनं बनलेल्या पॉलिमरमध्ये वजन-सरासरी साधारण दुप्पट असते. त्यामुळे एका निबंधात १५,००० आणि दुसऱ्यात ५०,००० दिसलं तर लगेच 'दुसऱ्यांनी भारी बनवलं' असं म्हणू नका. कदाचित दोघांकडे फारसा वेगळा माल नसेल.

साखळी आखूड झाली की नक्की काय बिघडतं?

पॉलिकार्बोनेटचा चिवटपणा साखळ्यांच्या गुंत्यातून येतो. लांब शेवया काट्यानं उचलल्या तर सगळा गुंता वर येतो. मोडलेल्या शेवयांचा चुरा येत नाही. धक्का बसला की गुंतलेल्या साखळ्या एकमेकींना धरून ताणल्या जातात आणि ऊर्जा जिरवतात. पॉलिकार्बोनेटमध्ये एका गुंत्यापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर रेणुवस्तुमानात मोजलं तर साधारण २,००० च्या आसपास भरतं. पॉलिस्टायरीनमध्ये तेच सतरा-अठरा हजार. म्हणूनच पॉलिस्टायरीनला लाखाच्या पुढचं रेणुवस्तुमान लागतं आणि तरी ते ठिसूळच राहतं, तर पॉलिकार्बोनेटचं त्याच्या छोट्याशा हिश्श्यात भागतं. पण १७,००० च्या साखळीत सात-आठ गुंते पडतात, ७,००० च्या साखळीत तीन-चारच. त्यात ही सरासरी आहे, हे विसरू नका. त्याहून आखूड साखळ्या त्यात भरपूर असतात आणि त्या काहीच धरून ठेवत नाहीत. चिवटपणा हळूहळू उतरत नाही. एका मर्यादेखाली गेलात की कड्यावरून पडल्यासारखा खाली येतो.

गंमत म्हणजे बाकी बरेच गुण या सगळ्यात जवळजवळ हलतच नाहीत. घनता १.२०, अपवर्तनांक १.५८५, ताठरपणा २.३ ते २.४ गिगापास्कल. साखळी पुरेशी लांब असली की हे आकडे तिथेच राहतात. ग्लास ट्रान्झिशन तापमान, म्हणजे ज्याच्या वर कडक प्लास्टिक मऊ पडू लागतं ते, १५० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं आणि नेहमीच्या ग्रेड्समध्ये लांबीनुसार काही अंशच इकडेतिकडे होतं. मी गुणधर्मांची मनात दोन खाती करते: काही गुण कडीचे, काही साखळीच्या लांबीचे. कडीचे गुण बदलायचे तर कडीच बदलावी लागते. उदाहरणार्थ, बिस्फेनॉल-एच्या काही भागाऐवजी बिस्फेनॉल-टीएमसी नावाचा जाडजूड, वळायला आडमुठा रेणू घातला की ग्लास ट्रान्झिशन तापमान वर चढतं. शुद्ध टीएमसीच्या पॉलिकार्बोनेटचं ते २४० अंशांच्या जवळ जातं. मधलं प्रमाण घेतलं तर तापमान किती येईल, याचा अंदाज फॉक्सच्या समीकरणानं बांधता येतो. त्यात तापमान केल्व्हिनमध्ये आणि प्रमाण मात्र वजनाचं घालायचं. टीएमसीची कडी वजनानं ४० टक्के असेल तर उत्तर १८० अंशांच्या थोडं वर येतं. स्टॉपरला मोल, इथे वजन. गोंधळ होतो तो असा. (हा फॉक्स म्हणजे टी. जी. फॉक्स. पॉलिकार्बोनेट शोधणारा डॅनियल फॉक्स वेगळा. परीक्षेत हमखास घोळ होतो म्हणून सांगितलं.)

त्या दुसऱ्या फॉक्सची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९५३ मध्ये जर्मनीत बायर कंपनीत हेरमान श्नेल आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये डॅनियल फॉक्स, दोघांनी एकमेकांचा पत्ता नसताना बिस्फेनॉल-एचं पॉलिकार्बोनेट बनवलं. फॉक्सच्या भांड्यात मिश्रण इतकं घट्ट होत गेलं की ढवळणाऱ्या यंत्राला ते फिरवेना, आणि शेवटी दांड्याभोवती गोठलेला, फोडता न येणारा गोळा तेवढा उरला. पुढे एकाचं मॅक्रोलॉन झालं, दुसऱ्याचं लेक्सान.

ढवळणं का थांबलं, याचं उत्तर एका घातांकात आहे. वितळलेल्या पॉलिमरची व्हिस्कॉसिटी, साखळ्या गुंतण्याइतक्या लांब झाल्या की, रेणुवस्तुमानाच्या ३.४ व्या घाताप्रमाणे वाढते. आता आपला हिशोब परत घ्या. स्टॉपर ३ मोल टक्क्यांवरून २ वर आणला. कड्या ६७ वरून १०० झाल्या, म्हणजे साखळी दीडपट. व्हिस्कॉसिटी? दीडचा ३.४ वा घात, जवळजवळ चौपट. उलट स्टॉपर ५ केला तर साखळी ०.६ पट आणि व्हिस्कॉसिटी आधीच्या सहाव्या हिश्श्याच्या किंचित वर. स्टॉपरच्या एक-दोन मोल टक्क्यांत यंत्रावरचं सगळं चित्र बदलतं ते यामुळे.

सीडीचं आता समजेल. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली. तिच्यावरचे खड्डे मायक्रोमीटरहून बारीक, आणि वितळलेलं प्लास्टिक क्षणात पातळ साच्याच्या कानाकोपऱ्यात जाऊन बसायला हवं. शिवाय साखळ्या ताणलेल्या अवस्थेत गोठल्या तर प्रकाश दुभंगतो आणि लेझर नीट वाचू शकत नाही. म्हणून तिथे मुद्दाम आखूड साखळीचा, पाण्यासारखा वाहणारा ग्रेड वापरतात. चिवटपणा कमी पडतो, पण सीडीवर कोण हातोडा मारतंय?

जारचं गणित उलटं. तो फुगवून बनवतात. गरम प्लास्टिकची नळी खाली लोंबत असताना स्वतःच्या वजनानं ओघळायला नको, आणि यंत्रातून ढकलताना मात्र सहज वाहायला हवी. नुसती साखळी लांबवली तर ओघळणं थांबतं, पण ढकलणं जिकिरीचं होतं. यावर उपाय म्हणजे तीन हातांचा रेणू: मोलच्या हिशोबात अर्ध्या टक्क्याहूनही कमी, आणि साखळीला फांद्या फुटतात. फांद्यांचा पॉलिमर जोरात ढकलला की पातळ होतो, सोडला की घट्ट. पण फांदी फुटली की एक टोक वाढतं, आणि त्या टोकालाही स्टॉपर लागतो! ३ मोल स्टॉपरमध्ये ०.३ मोल तीनहाती रेणू घातला तर रेणूंची संख्या दीडवरून १.३५ मोलवर येते आणि सरासरी कड्या ६७ वरून ७४ होतात. म्हणून फक्त फांद्यांचा परिणाम अभ्यासायचा असेल तर स्टॉपरही ३.३ करावा लागेल. नाहीतर तुमच्या आलेखात दोन बदल एकदम झालेले असतील आणि श्रेय एकालाच जाईल. असे निबंध छापून आलेले आहेत, मुद्दाम शोधायची गरज नाही, भेटतील.

फॉस्जीनशिवायची पद्धतही आहे. तैवानमध्ये २००२ पासून तिचा मोठा कारखाना चालू आहे. तिथे डायफिनाइल कार्बोनेट आणि बिस्फेनॉल-ए एकत्र वितळवतात, फिनॉल निर्वातात ओढून काढतात, आणि तापमान शेवटी ३०० अंशांच्या आसपास नेतात. इथे स्टॉपर लागतोच असं नाही. दोन घटकांचं आपसातलं प्रमाणच टोकं ठरवतं. पण डायफिनाइल कार्बोनेटही फिनॉलबरोबर थोडं उडून जातं, म्हणून ते सुरुवातीला काही टक्के जास्त घालतात. म्हणजे भांड्यात घातलेलं प्रमाण आणि भांड्यात राहिलेलं प्रमाण वेगवेगळं. ते कमी पडलं की साखळीच्या टोकांना उघडे ओएच गट उरतात, आणि ओएच टोकं जास्त असलेला माल उष्णतेत लवकर पिवळा पडतो. दोन नमुन्यांचं रेणुवस्तुमान सारखं असूनही एक पिवळा आणि एक स्वच्छ का, याचं उत्तर अनेकदा टोकांत सापडतं.

नंतर मिसळायच्या गोष्टींबद्दल थोडक्यात. एबीएस मिसळलं तर वजनाचे टक्केच बघतात. एबीएस वाढवलं की माल सहज वाहतो, थंडीतला आणि जाड भागांतला चिवटपणा सुधारतो, पण उष्णता सोसण्याची ताकद खाली येते आणि पारदर्शकता जाते. शुद्ध पॉलिकार्बोनेटची एक खोड इथे लक्षात ठेवा: खाच पाडलेली ३ मिलिमीटरची पट्टी भरपूर धक्का सोसते, ६ मिलिमीटरची त्याच चाचणीत ठिसूळपणे तुटते. काचतंतूंचं पुन्हा वेगळं. ३० टक्के काच म्हणजे वजनाचे ३० टक्के. काच प्लास्टिकच्या दुपटीहून जड, म्हणून आकारमानात ती जेमतेम १७ टक्के असते. ताठरपणाची सूत्रं आकारमानाचं प्रमाण मागतात. तिथे ०.३० घातलंत तर उत्तर फुगून येणार.

शेवटी एक घटक, जो कुठल्याच तक्त्यात नसतो: पाणी. पॉलिकार्बोनेटचा दाणा हवेतून ओलावा ओढतो. साध्या खोलीत, ५० टक्के आर्द्रतेला, तो वजनाच्या सुमारे ०.१५ टक्के पाणी धरून बसतो. कोकणात जुलै महिन्यात दमट हवेत तर त्याहून जास्त. ०.१५ टक्के म्हणजे किरकोळ वाटतं ना? एक किलो दाण्यात दीड ग्रॅम पाणी, म्हणजे ०.०८३ मोल. आणि रेणुवस्तुमान १७,००० असेल तर त्याच किलोत साखळ्या आहेत फक्त ०.०५९ मोल. साखळ्यांपेक्षा पाण्याचे रेणू जास्त! ३०० अंशांना पाण्याचा एक रेणू एक कार्बोनेट जोड तोडू शकतो. सगळं पाणी कामाला लागलं तर साखळ्या ०.१४२ मोल होतील आणि रेणुवस्तुमान ७,००० वर येईल. म्हणजे पुन्हा तिथेच, जिथे चुकीच्या ३ टक्क्यांनी आपल्याला नेलं होतं. यंत्रात माल काही मिनिटंच राहतो आणि बरीच वाफ निघून जाते, म्हणून प्रत्यक्षात इतकी वाट लागत नाही. पण वस्तूवर चंदेरी रेघा दिसल्या तर आत काय झालंय ते ओळखायला हवं.

म्हणूनच दाणा आधी १२० अंशांना तीन-चार तास वाळवतात आणि पाणी ०.०२ टक्क्यांच्या खाली आणतात. तोच हिशोब लावला तर ०.०२ टक्के पाण्यानंही रेणुवस्तुमान १७,००० वरून १४,३०० पर्यंत येऊ शकतं. वाळवलेला दाणा उघड्या ट्रेमध्ये ठेवून जेवायला गेलात तर तो परत ओलावा ओढायला लागतो. तेव्हा नोंदवहीत ओव्हनचं तापमान आणि तास लिहिता, तशी दाणा बाहेर काढल्याची वेळ आणि यंत्रात घातल्याची वेळही लिहा.